कानाने चालणारे यंत्र

गेल्या वर्षी उत्सवाच्या तोंडावर आपल्या मंडपासमोरचा रस्ता खोदून ठेवला होता, हे सर्वांना आठवत असेल. खडीचे दोन ढीग बरोबर प्रवेशद्वाराशी पडले होते आणि मी सरकारी बांधकाम खात्यातला असल्यामुळे त्याबद्दलची सगळी बोलणी मलाच खावी लागली. वर्गणीला निघालेल्या मुलांपैकी एक जण त्या ढिगावर बसला होता. त्याने मूठभर खडी हातात घेऊन विचारले, "काका, डोंगरातला दगड वेडावाकडा असतो, मग हे सगळे तुकडे एकसारखे कसे फुटतात?"

मी म्हणालो, "मशीन फोडतं." उत्तर चूक नव्हते, पण अर्धेच होते. दगड फोडणे ही ताकदीची गोष्ट आहे, तो सारखा फोडणे ही नियंत्रणाची. ताकद यंत्राकडे गेली त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. नियंत्रण मात्र त्यानंतर शंभर वर्षे माणसाकडेच राहिले आणि ते यंत्राकडे कसे सरकत गेले याचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, खात्यात उपयंत्री. बावीस वर्षे खडी चाळून पाहणे हे माझ्या नोकरीतले नेहमीचे काम. त्या अनुभवाच्या आधारावर त्या मुलाला द्यायचे राहिलेले अर्धे उत्तर इथे लिहितो.

आपण इंदूरकर तिला गिट्टी म्हणतो, महाराष्ट्रात खडी म्हणतात. तिकडे सक्तमजुरीच्या शिक्षेला 'खडी फोडायला पाठवणे' असाच शब्द रूढ झाला, यावरून हे काम किती कष्टाचे होते ते कळते. वडार समाजाच्या कित्येक पिढ्या याच कामात गेल्या. पुरुषांनी खाणीत सुरुंग आणि पहारीने डबर काढायचा, मग घणाने त्याचे तुकडे पाडायचे आणि बायकांनी रस्त्याच्या कडेला बसून ते हातोडीने बारीक करायचे. मजुरी ब्रासच्या मापाने, म्हणजे शंभर घनफुटांवर.

खडी एका मापाचीच हवी, हा आग्रह मात्र त्या मानाने नवा. तो धरला जॉन लाउडन मॅकॲडम या स्कॉटिश माणसाने. १८१६ साली तो इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. खाली मोठे दगड आणि वर माती या जुन्या पद्धतीऐवजी त्याने सगळा रस्ता लहान, कोनदार, एकसारख्या तुकड्यांचा करायला लावला. कोणताही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड नको, हा त्याचा नियम. असे तुकडे वाहनांच्या वजनाने एकमेकांत घट्ट अडकतात आणि रस्ता स्वतःच स्वतःला बांधून घेतो. आपल्या बोलण्यातला 'मॅकडम' हा शब्द त्याच्या आडनावावरूनच आला.

त्या काळात नियंत्रण सोपे होते. फोडणाऱ्याचा डोळा हेच माप आणि फार तर हातात एक कडी, जिच्यातून तुकडा गेला तर पास. प्रत्येक दगडाकडे एक माणूस बघत होता. काम मात्र अतिशय संथ.

अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी एलाय व्हिटनी ब्लेक नावाचा गृहस्थ होता. कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र काढणाऱ्या एलाय व्हिटनीचा हा भाचा. १८५२ च्या सुमारास गावातल्या सुमारे दोन मैलांच्या रस्त्याचे मॅकडमीकरण करण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. माणसे हातोड्यांनी दगड फोडत आहेत आणि काम पुढे सरकत नाही, हे त्याने रोज पाहिले. त्यावर काही वर्षे विचार करून त्याने जे यंत्र काढले त्याचे पेटंट १५ जून १८५८ रोजी मिळाले. एक जबडा स्थिर, दुसरा पुढे-मागे होणारा, दोन्ही खाली निमुळते होत गेलेले. दगड वरून पडतो, चावला जातो, थोडा खाली सरकतो, पुन्हा चावला जातो आणि खालच्या फटीतून मावेल एवढा झाला की बाहेर पडतो. आज कोणत्याही खडीकेंद्रावर गेलात तर पहिले यंत्र बहुधा याच घराण्यातले दिसेल.

या यंत्रात तुकड्याचे माप खालच्या फटीवर ठरते. ती फट म्हणजे मॅकॲडमच्या मजुराची कडीच, फक्त आता ती यंत्राच्या पोटात गेली. आणि इथूनच पुढची सगळी अडचण सुरू होते, कारण ही कडी झिजते. १८८२ साली रॉबर्ट हॅडफील्डने मँगनीजचे पोलाद शोधले, जे मार खाऊन उलट जास्त कठीण होते. जबड्याच्या प्लेटा त्याच्या होऊ लागल्या तेव्हा झीज कमी झाली, पण थांबली नाही. सकाळी लावलेली फट काही दिवसांनी तीच राहत नाही. मग यंत्र थांबवायचे, मागे पत्र्याच्या पट्ट्या घालायच्या, फट पुन्हा मोजायची आणि यंत्र सुरू करायचे.

पुढे १८८१ साली फिलिटस गेट्सने वेगळ्या तऱ्हेच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात उभ्या भांड्यात एक शंकू डोलत फिरतो आणि दगड शंकू व भांड्याच्या भिंतीत चिरडला जातो. याच कल्पनेतून १९२० च्या दशकात सायमन्स बंधूंचा कोन क्रशर तयार झाला. बारीक खडीसाठी आज मुख्यतः याच जातीची यंत्रे वापरतात. यातली फट मोजायला जुने मिस्त्री रिकाम्या चालत्या यंत्रात दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडत. तो चेपून वर आला की त्याची सर्वांत पातळ जागा मोजायची. ही रीत अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे.

फट ही एक बाब झाली. दुसरी म्हणजे यंत्राच्या पोटात दगड किती आहे. कोन क्रशर पोटभर भरलेला असेल तर दगड लोखंडावर आणि एकमेकांवरही फुटतात आणि तुकडे चौकोनी, भरीव निघतात. अर्धपोटी चालवला तर चपटे आणि लांबट तुकडे वाढतात. चपटी खडी रोलरखाली मोडते. ती डांबरात गेली की पहिल्या पावसाळ्यात रस्ता सुटायला लागतो. म्हणून आम्ही चाळणीबरोबर खडीचा चपटेपणाही तपासतो. पण पोट भरण्याच्या नादात जास्त भरले तर मोटर दमते, यंत्र तुंबते, आणि आतला दगड हाताने उपसण्यात अर्धा दिवस जातो. म्हणजे यंत्र सतत काठोकाठ भरलेले हवे, पण सांडता कामा नये. पहिली शंभर वर्षे हे सांभाळणारा माणूस कसा काम करत असे, ते मी पाहिले आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका रस्त्याच्या कामावर ठेकेदाराचे खडीकेंद्र होते. तिथला मुख्य मिस्त्री बऱ्हाणपूरकडचा, घरी मराठी बोलणारा. सगळे त्यांना मामा म्हणत. मी मराठी म्हणून माझ्याशी जरा जास्त बोलत. ते फीडरच्या कठड्याला टेकून उभे असत आणि दगड वाढवायचा की कमी करायचा हे खालच्या पोराला हाताच्या खुणेने सांगत. भिंतीवर मोटरचा अँमीटर होता, पण त्याकडे ते क्वचित बघत.

मी एकदा विचारले, "मामा, मीटर बघत नाही तुम्ही?"

"बघतो की साहेब. पण मीटर सांगेपर्यंत पोट गच्च झालेलं असतं. आवाज आधी सांगतो. उपाशी असली की खडखडते, पोटभर असली की घुमते, गळ्याशी आलं की कण्हते."

त्या वेळी मला ही जुन्या माणसाची बढाई वाटली होती. पुढे कळले की ती बढाई नव्हती. मामा जेवायला गेले की दुपारची खडी बिघडायची. मी मात्र सकाळी मामांच्या पाळीतला नमुना घेऊन चाळत असे आणि दिवसभराच्या मालावर सही करत असे. पावसाळ्यानंतर त्या रस्त्याचा जो तुकडा उखडला, त्यातली खडी दुपारची होती हे मला सिद्ध करता आले नसते, पण माझ्या मनाला ते ठाऊक होते. तेव्हापासून मी दुपारचा नमुना घेतल्याशिवाय सही करत नाही.

मामांचा कान यंत्राला देण्याचे प्रयत्न जगात त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. पहिली पायरी साध्या विद्युत रिलेची. खडीकेंद्र म्हणजे एकामागून एक यंत्रे आणि पट्टे. सुरू करताना शेवटचा पट्टा आधी, मग क्रशर आणि सर्वांत शेवटी फीडर. बंद करताना उलट. मधला एखादा पट्टा थांबला तर त्याच्या मागचे सगळे आपोआप थांबले पाहिजे, नाहीतर दगडाचा डोंगर साचेल. ही जोडणी, जिला इंटरलॉक म्हणतात, तारा आणि रिलेंनी करत असत.

दुसरी पायरी तेलाच्या दाबाची. ॲलिस-चामर्स या अमेरिकन कंपनीच्या हायड्रोकोन यंत्रात शंकूचा दांडा तेलाच्या सिलिंडरवर उभा केला. तेल आत पंप केले की शंकू वर जातो आणि फट कमी होते, तेल सोडले की फट वाढते. पट्ट्या घालायला यंत्र थांबवण्याची गरज उरली नाही. शिवाय तेलाचा दाब मोजला की आत दगडावर किती जोर पडतो आहे तेही कळू लागले. फट हलवण्याचे आणि भार ओळखण्याचे साधन असे एकाच जागी आले.

तिसरी पायरी मोजणीची. १९६२ पासून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ॲल्बन लिंच यांनी माउंट आयझा येथील खाणीत दगड फोडण्या-दळण्याचे गणित मांडायला सुरुवात केली. त्यांचे सहकारी बिल व्हाइटन यांनी १९७२ मध्ये कोन क्रशरचे गणिती प्रारूप दिले. प्रत्येक मापाचा तुकडा या फटीत फुटेल की निसटून खाली जाईल, आणि फुटला तर त्याचे काय होईल, हे आकड्यांत सांगता येऊ लागले. याच सुमारास, १९६८-६९ मध्ये, अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या साथीदारांनी मोटार कारखान्यांसाठी मॉडिकॉन ०८४ हे यंत्र तयार केले. रिलेंच्या भिंतभर कपाटाऐवजी एक पेटी आली, जिच्यातले तर्क तार न तोडता बदलता येत. पीएलसी म्हणतात ती हीच, आणि पुढे खडीकेंद्रावरही तीच बसली.

आज चांगल्या केंद्रावर काय होते ते थोडक्यात सांगतो. क्रशरच्या तोंडावर ध्वनिलहरी किंवा रडारने पातळी मोजणारा डोळा असतो. पातळी खाली गेली की फीडर वेग घेतो, वर आली की मंद होतो. मोटरची वीज आणि तेलाचा दाब ठरावीक मर्यादेच्या जवळ ठेवून फट हळूहळू आवळली जाते. मर्यादा ओलांडली की फट लगेच उघडते. अधूनमधून रिकाम्या यंत्रात शंकू भिंतीला टेकवून झीज किती झाली ते यंत्र स्वतः तपासते. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या एरिक हुल्थेन यांनी २०१० च्या प्रबंधात याच्याही पुढची पायरी मांडली. पट्ट्यांवरच्या मालाचे वजन सतत मोजायचे आणि त्यावरून शंकूच्या फेऱ्यांचा वेग चालता चालता बदलत, चांगला माल जास्तीत जास्त निघेल अशी जागा यंत्राने स्वतःच शोधायची. मामा हाताच्या खुणांनी हेच करत होते, फक्त त्यांना फेऱ्यांचा वेग बदलता येत नव्हता.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आले. ते निव्वळ अज्ञानामुळे नव्हते. स्वातंत्र्यानंतर मोठी धरणे बांधताना एकीकडे भाक्रासारखे पूर्ण काँक्रीटचे धरण झाले, ज्याला यंत्रांवाचून गत्यंतर नव्हते. दुसरीकडे आपल्या चंबळेवरचे गांधीसागर आणि कृष्णेवरचे नागार्जुनसागर ही दगडी बांधणीची धरणे हजारो हातांनी उभी राहिली. सिमेंट आणि परकीय चलन महाग होते, हात पुष्कळ होते आणि त्या हातांना काम देणे हाही हेतू होता. खडीकेंद्रांवरही तेच गणित चालले. कंट्रोल पॅनेलच्या किमतीत कित्येक मजूर वर्षभर ठेवता येत. गेल्या काही वर्षांत महामार्गांची कामे मोठी झाली, खडीच्या दर्जाच्या अटी कडक झाल्या आणि मोठ्या ठेकेदारांच्या केंद्रांवर काचेच्या केबिनीत संगणकाचा पडदा आला.

मामांच्या ठेकेदाराकडेही तो आला. मी तेव्हा दुसऱ्या कामावर होतो, पण एकदा वाट वाकडी करून गेलो. केबिनीत आयटीआय झालेला मुलगा बसला होता आणि मामा त्याच्या बाजूला उभे राहून यंत्राच्या मर्यादा सांगत होते. या आवाजाला किती अँपिअर, त्या आवाजाला किती. तो मुलगा आकडे भरत होता. मामांना मी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. मग लक्षात आले की यंत्र कसे चालले आहे हे ओळखायला ते बाहेर जाऊन कठड्यावर तळहात ठेवत होते. ज्या कानावर ते यंत्र चालले, तो कान यंत्राने पंचवीस वर्षांत संपवला होता. रोजंदारीच्या माणसाला त्याची भरपाई मागायची असते हेही त्यांना कुणी सांगितले नव्हते. सांगू शकणाऱ्यांत मीही होतो.

त्या दिवशी केबिनीत मी इंटरलॉकची यादी वाचली. तेलाचा प्रवाह थांबला तर क्रशर बंद. तेल तापले तर बंद. पट्टा थांबला तर बंद. बेअरिंग वाचवण्याची सगळी सोय होती. धूळ दाबण्यासाठी पाण्याचे फवारे होते, पण त्यांचा पंप कशालाच जोडलेला नव्हता. तो बंद असला तरी यंत्र बिनबोभाट चालू राही, आणि तो बंदच होता.

ही गोष्ट किरकोळ नाही. दिल्लीच्या लाल कुआँ भागातल्या खडीकेंद्रांच्या धुळीमुळे सर्वोच्च न्यायालयाला १९९२ साली ती केंद्रे बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. आपल्या माळव्याला लागून असलेल्या झाबुआ, अलीराजपूर, धारमधले आदिवासी गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी फोडण्या-दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला गेले आणि फुफ्फुसात गारगोटीची धूळ घेऊन परतले. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही आणि गावातल्या दवाखान्यात तो पुष्कळदा क्षय समजला जातो. मरण पावलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिला. आपल्या काळ्या पाषाणात गारगोटी कमी, म्हणून हा धोका त्या मानाने कमी. पण धूळ ती धूळच. क्रशरपासून तीन ते दहा मीटरवर हवेतली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर नको, असा नियम आहे. तो कागदावर आहे, पॅनेलमध्ये नाही.

या साऱ्या इतिहासातून मी एवढेच शिकलो की स्वयंचलन कशाची काळजी घ्यायची हे स्वतः ठरवत नाही. ज्याला जे तारेने जोडले जाते त्याचीच ते काळजी घेते. उत्पादन जोडले, बेअरिंग जोडले, कारण त्यांचे नुकसान त्याच दिवशी हिशेबात दिसते. माणसाचे फुफ्फुस आणि कान वीस वर्षांनी बिघडतात, आणि तेव्हा तो माणूस हजेरीपटावर नसतो.

पुढच्या माझ्या कामावर मी साइटच्या नोंदवहीत लेखी सूचना लिहिली. पाण्याच्या नळीत दाबाचा स्विच बसवावा आणि पाणी नसेल तर फीडर सुरू होऊ नये. ठेकेदाराच्या वायरमनने हे अर्ध्या दिवसात केले. खर्च इतका थोडा होता की कुणी वादही घातला नाही. दीड महिन्याने अचानक गेलो तर पंप बंद आणि फीडर सुरू. पॅनेल उघडून पाहिले, स्विचच्या दोन टोकांवर बोटभर तारेचा तुकडा टाकून तो निकामी केला होता. पाण्याचा टँकर उशिरा आला म्हणून, असे उत्तर मिळाले. मी तो तुकडा काढला, काम थांबवले, नोंद केली. टँकर तासाभरात आला.

तो तारेचा तुकडा माझ्या कचेरीतल्या टेबलाच्या खणात आहे. नवीन उपयंत्री रुजू झाला की मी त्याला तो दाखवतो, आणि पॅनेल उघडून बघायला शिक, असे सांगतो.

त्या मुलाला आता पूर्ण उत्तर देतो. बाळा, हे तुकडे एकसारखे फुटतात कारण यंत्राच्या तोंडाशी कुणीतरी सतत कान देऊन असते. पूर्वी तो मामांचा कान होता, आता बहुतेक ठिकाणी तारेचा आहे. तू शिकून यातले काही करशील तेव्हा त्या तारेचे एक टोक माणसापर्यंत नेऊन जोड. यंदा मंडपासमोरचा रस्ता चांगला झाला आहे. खडी दुपारचीही तपासली आहे.